अर्ध्यावरची रेघ

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९७८, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा तास चालू होता. हेर्लेकर सर फळ्यावर लिहिता लिहिता थांबले.

मी दारात होतो. त्याच खोलीत पुढचा तास माझा होता आणि वेळेआधी येऊन उभे राहण्याची मला सवय होती. फळ्यावर दोन भागाकार होते. तीनशे दोन भागिले दोन, बरोबर एकशे एक्कावन्न. त्याखाली तीनशे तीन भागिले दोन, बरोबर एकशे एक्कावन्न पूर्णांक पाच. या दुसऱ्या उत्तराखाली रेघ ओढण्यासाठी सरांनी हात उचलला होता. तो तसाच राहिला.

वर्ग वाट पाहत होता. सर वळले आणि म्हणाले, "मी चुकलो आहे."

पहिल्या बाकावरच्या मुलाने वहीत पाहिले, फळ्याकडे पाहिले आणि धीर करून म्हटले, "सर, बरोबर हाय की. एकशे एक्कावन्न पूर्णांक पाचच येतंय."

"फळ्यावर बरोबर आहे," सर म्हणाले. खडू टेबलावर ठेवून ते माझ्या शेजारून बाहेर गेले. तास अर्धा टाकून गेलेले हेर्लेकर सर त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

गोविंद हेर्लेकर हे आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात प्रपाठक होते. मी त्यांच्याहून वयाने बराच लहान, अधिव्याख्याता. ते मंगळवार पेठेत एका तालमीसमोर राहत. अंगकाठी किरकोळ, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली. कठीण शिशाची पेन्सिल आलेखाचे अक्ष आखायला आणि मऊ शिशाची रेघा काढायला. एकीचे काम दुसरीने केलेले त्यांना खपत नसे.

त्यांना वेड म्हणण्याइतका ध्यास एकाच गोष्टीचा होता: मोजलेली राशी नीट लिहिणे. आकडा आणि एकक यांच्यात एका अक्षराची जागा मोकळी हवी. एककाच्या चिन्हापुढे टिंब नको. राशीचे चिन्ह तिरपे, एककाचे सरळ. ज्याला हाताने तिरपे जमत नाही त्याने खाली रेघ ओढावी. एखाद्या मुलाने उत्तराला एकक लिहिले नाही की सर वही परत करीत आणि विचारीत, "नाव-गाव न सांगता माणूस घरात शिरला, तर त्याला पाणी द्यायचं की पोलीस बोलवायचा?" मुले त्यांना युनिट मास्तर म्हणत. सरांना ते ठाऊक होते. त्यांचा आक्षेप एवढाच होता, की हा शब्द अर्धा इंग्रजी आहे.

एकदा तापाने फणफणले असताना डॉक्टर घरी आले. काखेतला तापमापक काढून म्हणाले, "एकशे दोन."

"कशाचे?" सरांनी डोळे न उघडता विचारले.

"अहो तापाचे, आणि कशाचे?"

"फॅरनहाइट म्हणा. सेल्सिअस असते तर तुम्ही आता माझ्याशी बोलत नसता."

डॉक्टरांनी हा किस्सा पेठभर सांगितला. समोरच्या तालमीतही सरांचे असेच चाले. तिथला बापू पैलवान एका संध्याकाळी दगडी गोटी उचलून पोरांना सांगत होता, की हिचे वजन ऐंशी किलो. सर ओट्यावरून म्हणाले, "वजन नव्हे, बापू. वस्तुमान. वजन न्यूटनमध्ये सांगतात."

बापूने अंगाची माती पुसली. "सर, खाली या. उचलून बघा की. न्यूटन हाय का किलो, आपसूक कळतंय."

सर खरोखर खाली उतरले. चप्पल काढून त्यांनी गोटीला दोन्ही हात घातले. गोटी हलली नाही. धाप लागलेल्या आवाजात ते म्हणाले, "न्यूटनच." तालीम खो खो हसली. त्यानंतर सर सायकलवरून गल्लीत शिरले की पोरे ओरडत, "न्यूटन आला, बाजूला व्हा!" सर हात वर करून पुढे जात.

विभागातही आम्ही हसत असू. त्यांच्यावर हसण्याइतके आम्ही कोणीच नेमके नव्हतो, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही.

त्यांचा खरा दरारा परिसंवादात दिसे. कोणीही आलेख दाखवला, की पाठीमागून त्यांचा पहिला प्रश्न येई: "अक्षावर काय आहे?" बाहेरगावाहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरचा आलेख लावला. आडव्या अक्षाखाली 'वस्तुमान' असे लिहिले होते. हे यंत्र काय करते ते एका वाक्यात सांगतो. ते रेणूला विद्युतभार देते आणि वस्तुमानाला त्या भाराने भागल्यावर जो आकडा येतो, त्याप्रमाणे रेणूंची व त्यांच्या तुकड्यांची क्रमाने मांडणी करते. या भागाकाराला आम्ही 'एम बाय ई' म्हणत असू. बहुतेक वेळा भार एकच असतो. भागाकार आणि वस्तुमान यांचा आकडा सारखाच येतो, आणि माणूस फसतो.

"अक्षावर काय आहे?" सरांनी विचारले.

"मास. एएमयूमध्ये," पाहुण्यांनी एककासह सांगितले.

"यंत्रानं वस्तुमान मोजलेलं नाही. भागाकार मोजला आहे. त्याला एकक लावता येत नाही. आणि भाजकाची चौकशी केल्याशिवाय भाज्य सांगता येत नाही."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. विभागप्रमुख आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. सरांच्या बाजूने मी एक वाक्य बोललो, तेही जिन्यात.

हे यंत्र कोल्हापुरात नव्हते. पदार्थाचा नमुना बाटलीत घालून मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टाने आलेला आलेख उघडायचा. तो आलेख एका खास कागदावर असे. उजेडात तो कागद काळा पडत जाई. म्हणून सरांनी विभागाला एक पद्धत लावून दिली होती. आलेला आलेख पडदे ओढून उघडायचा, त्यावरचे प्रत्येक टोक मोजून साध्या आलेखकागदावर रेघांच्या रूपाने उतरवायचे, आणि मूळ कागद काळ्या पाकिटात घालून सरांच्या कपाटात ठेवायचा. पुढचे सगळे काम उतरवलेल्या रेघांवरून. उतरवताना आकडे पूर्ण घ्यायचे. अर्ध्यावर काही दिसले तर तो कागद ताणल्याचा दोष समजून जवळच्या पुढच्या पूर्ण आकड्यावर रेघ काढायची. पद्धत सुटसुटीत होती. सरांचे आलेख छापल्यासारखे दिसत. दुसऱ्या महाविद्यालयांतले लोक ते पाहायला येत.

दत्तात्रय माने हा सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. कुरुंदवाडचा, शेतकरी घरातला, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. वर्गात शुद्ध बोलू पाहायचा आणि घाईत आला की गावाकडचे बोलायचा. सरांनी त्याला स्वतःच्या हाताने पेन्सिल धरायला शिकवले होते असे म्हटले तरी चालेल. त्याने एक नवा पदार्थ केला. कड्यांत कड्या गुंतलेला मोठा रेणू, वस्तुमान तीनशे दोन. नमुना मुंबईला गेला, आलेख आला, दत्ताने पद्धतीप्रमाणे रेघा उतरवल्या. तीनशे दोनवर उंच रेघ होती, हवी तशी. पण एकशे एक्कावन्नवरही एक ठळक रेघ होती. आणि दत्ताने ज्या कच्च्या द्रव्यापासून सुरुवात केली होती, त्याचे वस्तुमान नेमके एकशे एक्कावन्न होते.

जुलै १९७६. अधिव्याख्यात्याच्या एका जागेसाठी दत्ताची मुलाखत ठरली होती आणि त्याला सरांचे पत्र हवे होते. सरांनी त्याला खोलीत बोलावले. विभागप्रमुख, मी आणि आणखी दोन सहकारी तिथे होतो.

सर आवाज चढवून बोलत नसत. तेव्हाही चढवला नाही. ते म्हणाले, "नमुन्यात कच्चं द्रव्य उरलेलं आहे, हे आलेख सांगतो. तू केलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या विश्लेषणाचे आकडे मात्र अगदी शुद्ध पदार्थाचे आहेत. दोन्ही खरं असू शकत नाही. आलेख मुंबईचा आहे. आकडे तुझे आहेत."

दत्ता म्हणाला, "सर, मी मोजूनच लिवलंय."

"मग आलेख खोटं बोलतो?"

"ते मला न्हाय सांगता येत. पण म्या खोटं लिवल्यालं न्हाय."

"मी पत्र देऊ शकत नाही," सर म्हणाले.

दत्ता आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहत गेला. काळे पाकीट त्याच खोलीतल्या कपाटात होते. ते काढून पाहू या, असे आमच्यापैकी कोणी म्हणाले नाही. तो खाली मान घालून गेला आणि पुन्हा विभागात आला नाही.

आता पुन्हा त्या मंगळवारी येतो. वर्गातून निघालेले सर आपल्या खोलीत पडदे ओढून बसले होते. मी आत गेलो तेव्हा काळे पाकीट टेबलावर होते आणि हातात भिंग. त्यांनी भिंग माझ्याकडे दिले. एकशे एक्कावन्नच्या टोकाशेजारी, एकशे बावन्नच्या अलीकडे, बरोबर मध्यावर एक छोटे टोक होते. ज्याला रसायनशास्त्र येते त्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. अर्ध्यावरचे टोक एकाच कारणाने येते: रेणूवर दोन भार असले की. काही रेणूंत एक कार्बन किंचित जड असतो, त्यांचे वस्तुमान तीनशे तीन, आणि त्याला दोनने भागले की फळ्यावरचे एकशे एक्कावन्न पूर्णांक पाच. एकशे एक्कावन्न हे उरलेले कच्चे द्रव्य नव्हते. दत्ताचाच पदार्थ, शुद्ध, दोन भार घेऊन तीनशे दोनच्या अर्ध्यावर येऊन उभा होता. कच्च्या द्रव्याच्या आकड्याशी त्याचा मेळ पडला तो योगायोग.

"भाजकाची चौकशी मी केली नाही," सर म्हणाले.

आम्ही विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दार लावायला सांगितले.

"हेर्लेकर, दीड वर्ष झालं. पोरगा शेतीत रमला असेल. आता हे उकरून कुणाचं भलं व्हायचं? पुढच्या महिन्यात तुमची प्राध्यापकपदाची मुलाखत आहे."

"त्याची मुलाखत कोणत्या महिन्यात होती?" सरांनी विचारले.

विभागप्रमुखांनी समोरचे कागद सारखे केले. सर बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुमची स्कूटर चालू आहे ना?"

कुरुंदवाडला पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. माने यांचे गुऱ्हाळ रस्त्यापासून आत होते. चुलवाणावर उसाच्या रसाची मोठी काहील उकळत होती आणि दत्ता लांब दांड्याच्या झाऱ्याने वरची मळी काढत होता. त्याने आम्हाला पाहिले आणि पुन्हा काहिलीकडे पाहू लागला. रस पाकाला आला होता. तो सोडून येता येत नव्हते, की येण्याची इच्छा नव्हती, मला कळले नाही.

त्याचे वडील पुढे आले. डोक्याला पटका, उघडे अंग. "या की पावणं. कारखान्याकडनं आलासा?"

"कोल्हापूरहून. दत्तात्रयला भेटायला. मी हेर्लेकर."

म्हाताऱ्याने हात जोडले. फार खाली वाकून जोडले. "सर व्हय? बसा, बसा. ए, घोंगडं टाका रं. पोरानं माझ्या तुमचं नाव घालवलं. मला कळलंय सगळं."

सर बसले नाहीत. काहील उतरून पाक गूळ निवायच्या वाफ्यात ओतला जाईपर्यंत ते धुरात उभे राहिले. मग दत्ता हात पुसत आला आणि काही अंतरावर थांबला.

सर म्हणाले, "दत्तात्रय, एकशे एक्कावन्न तुझ्याच पदार्थाचं होतं. दोन भारांचं. मी आज मूळ कागद पाहिला."

दत्ताच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेले. तो हळूच म्हणाला, "म्हंजे अर्ध्यावर व्हतं ते..."

"हो. पूर्ण आकड्यावर घ्यायचं, हा माझा नियम. तू एकशे बावन्नवर घेतलंस."

"मी तुमास्नी विचारलं व्हतं सर."

"काय?"

"कागद उघडला त्याच दिवशी. अर्ध्यावर कायतरी दिसतंय म्हणून. तुमी बघाय आला न्हाईसा. म्हणालासा, कागद ताणलाय, पुढं चल."

"मला आठवत नाही," सर म्हणाले. "पण तू म्हणतोस, म्हणजे मी म्हणालो असेन."

म्हातारा दोघांकडे पाहत होता. त्याने मला विचारले, "हे काय म्हंत्यात? आमच्या पोरानं खोटं लिवलं न्हवतं?"

उत्तर सरांनी दिले. "नाही. त्याचं सगळं बरोबर होतं. चूक माझी होती."

"मग मला तर..." म्हातारा थांबला. पटका सोडून त्याने तोंड पुसले. "एवढा शिकल्याला मानूस उगंच कशाला म्हनंल, म्हणून म्या तुमचं खरं धरलं. दीड वरीस झालं सर, ह्येच्याशी धड बोललो न्हाय. कामापुरतं बोलतोय. त्यो सांगत हुता की, आप्पा म्या न्हाय केलं. रोज सांगत हुता. मग सांगायचं बी सोडलं."

दत्ता दुसरीकडे पाहत होता. मी आजवर अनेक माणसांना अनेक प्रसंगी खजील झालेले पाहिले आहे. हेर्लेकर सरांची त्या वेळची मान मला त्या सगळ्यांहून वेगळी आठवते. ती खाली गेली नाही. म्हाताऱ्याच्या नजरेला नजर देऊन ते उभे राहिले, कारण नजर चुकवणे त्यांनी स्वतःला सवलत दिल्यासारखे झाले असते. खाली पाहत होतो तो मी.

"काय करू?" सरांनी दत्ताला विचारले. "पत्र देतो. प्रबंध आजही दाखल होईल. पण ते नंतरचं. आधी काय करू, ते तू सांग."

"चौघांत म्हणालासा," दत्ता म्हणाला. "चौघांत मागं घ्या."

"चौघांत नाही. सगळ्यांत. उद्या सकाळी अकरा वाजता. तू ये." मग ते म्हाताऱ्याकडे वळले. "आप्पा, तुम्हीही यायचं."

"म्या? म्या तिथं काय समजनार? तुमचं समदं विंग्रजी."

"मराठीत बोलेन."

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिले. "जायाचं काय रं?" त्याने विचारले. दत्ताने मान हलवली. तेवढेच. निघताना म्हाताऱ्याने कागदात बांधलेला गूळ सरांच्या हातात कोंबला. सर नको म्हणाले. "न्या की," तो म्हणाला. "पोराच्या हातचा हाय." सरांनी तो घेतला, आणि परतीच्या वाटेवर तो मांडीवर धरून ते माझ्या मागे बसले. हातकणंगले मागे पडल्यावर ते म्हणाले, "ते पाहुणे चहा न घेता गेले होते. त्यांना मी काय म्हणालो होतो, आठवतं?" आठवत होते. मी म्हणालो, नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाबद्दल मी लिहिणार नाही. ते ज्यांच्यासाठी होते, ते दोघे आले होते. दत्ताने प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पुरा केला आणि जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात शिकवायला लागला. प्राध्यापकपद दुसऱ्याला मिळाले. सरांनी पुन्हा पीएच.डी.चा विद्यार्थी घेतला नाही. विचारले तर म्हणत, "माझी परवानगी संपली आहे." कोणी दिलेली परवानगी, ते आम्ही विचारले नाही. परिसंवादात ते पूर्वीच्याच जागी बसत आणि अक्षावर काय आहे ते विचारीत. फक्त उत्तर आले की आता ते उठून पुढे जात आणि आलेख जवळून पाहत. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. लोक मला त्यांचे तापाचे आणि पैलवानाचे किस्से सांगायला लावतात. मी सांगतो. हा मी आजवर सांगितला नव्हता. सरांची बेअब्रू होईल म्हणून नव्हे. सरांनी स्वतःची चूक भर सभेत सांगितली. उरलेल्या आम्ही आमची सांगितली नाही.

त्या मंगळवारी आम्ही विभागात परतलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. शिपाई शंकर कुलपे लावत होता. सरांनी त्याला थांबवले, कोरा कागद घेतला आणि उभ्यानेच लिहिले: 'बुधवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ११. व्याख्यान. विषय: श्री. दत्तात्रय माने यांचे बरोबर काम आणि माझी चूक. गो. हेर्लेकर.'

शंकर म्हणाला, "सर, नोटीस इंग्रजीत असतीया न्हवं?"

"उद्या वाचणारे मराठी वाचतात," सर म्हणाले आणि कागद फलकावर लावला.

मग ते व्याख्यानाच्या खोलीत गेले. तिथे विद्यार्थ्यांचे अरुंद बाक होते, म्हाताऱ्या माणसाला अडचणीचे. सरांनी शिक्षकांच्या खोलीतून हातांच्या दोन खुर्च्या एकेक करून आणल्या. मी पुढे झालो तेव्हा मानेनेच नको म्हणाले. खुर्च्या त्यांनी पहिल्या बाकापुढे शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवर बसून पाहिले. एक डुगडुगत होती. खिशातल्या कागदाची घडी करून त्यांनी ती आखूड पायाखाली सारली, पुन्हा बसले, दोन्ही बाजूंना झुकून पाहिले. खुर्ची हलली नाही. ते उठले आणि त्यांनी दिवा बंद केला.